डोपिंग वाढवूनही बँड गॅप खाली का आला?

शिरपूरकडच्या एका कॉलेजात पीएचडी करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी स्प्रे पायरोलिसिसनं, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, झिंक ऑक्साईडच्या फिल्म बनवल्या. डोपिंगसाठी, म्हणजे मुद्दाम घातलेली मिसळ म्हणून, फवारणीच्या द्रावणात अ‍ॅल्युमिनियम ०, १, २, ३ आणि ५ टक्के. टॉक प्लॉटवरून (शोषणाच्या आलेखाला सरळ रेषा लावून) बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, अनुक्रमे ३.२७, ३.२९, ३.३३, ३.३६ आणि ३.३० इलेक्ट्रॉनव्होल्ट आला. गाईड सरांच्या मते वाढ बर्स्टीन-मॉस परिणामामुळे (तो पुढं समजावलाय) आणि ५ टक्क्यांची घट स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांमुळे आहे. तसंच लिहून पेपर पाठवला, तर रिव्ह्यूअरनं विचारलं, ‘हे सगळं दोषांमुळेही होऊ शकतं, पुरावा काय?’ ताई पुढं लिहितात की मल्टिमीटरवर ३ टक्क्यांची फिल्म काही किलोओहम दाखवते, ५ टक्क्यांची मेगाओहममध्ये जाते. ५ टक्क्यांची जरा दुधाळही दिसते. मोकळ्या इलेक्ट्रॉनांची घनता थेट काढणाऱ्या हॉल मापनाची सोय जवळपास नाही. शेवटी प्रश्न: ‘नेमकं कारण कोणतं धरू?’

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर तुमच्याच मजकुरात आहे, आणि ते बँड गॅपच्या पाच आकड्यांपेक्षा मल्टिमीटरच्या दोन वाचनांत जास्त आहे. ते कसं, हे सांगायला थोडी जागा लागेल.

आधी खरी अडचण कुठं आहे ते पाहू. तुमच्याकडे डोपिंग आणि दोष हे दोन वेगळे संशयित म्हणून आले आहेत आणि त्यातला एक निवडायचा आहे, असं चित्र तयार झालंय. पदार्थ असं वागत नाही. झिंकच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसलं की तोच मुळात एक दोष आहे, आपण मुद्दाम घातलेला. तो एक इलेक्ट्रॉन देतो. असे इलेक्ट्रॉन वाढत गेले की फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेत ती ऊर्जेची रेघ, वर सरकते, आणि ती वर गेली की इलेक्ट्रॉन गिळणारे दोष तयार व्हायला लागणारी ऊर्जा कमी होते. झिंक ऑक्साईडमध्ये असा मुख्य दोष म्हणजे झिंकची रिकामी जागा. म्हणजे डोपिंग वाढवण्याच्या कृतीतूनच त्याला विरोध करणारे दोष स्वस्त होतात. तेव्हा ‘डोपिंग की दोष’ असा वाद घालण्याऐवजी प्रत्येक नमुन्यात कशाचा वाटा किती, हे आकड्यांनी विचारायला हवं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. मी तुमचे वर्णपट पाहिलेले नाहीत, जाडी तुम्ही लिहिलेली नाही, आणि द्रावणातलं ५ टक्के फिल्ममध्ये किती उतरलं हे माहीत नाही. स्प्रेमध्ये द्रावणातलं प्रमाण आणि फिल्ममधलं प्रमाण क्वचितच सारखं असतं. खाली जिथं हिशेब केलाय तिथं जाडी ५०० नॅनोमीटर धरली आहे. तुमची वेगळी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

आता बर्स्टीन-मॉस. १९५४ साली बर्स्टीन आणि मॉस या दोघांनी स्वतंत्रपणे इंडियम अँटिमोनाईडच्या बाबतीत हे स्पष्टीकरण दिलं. वहनपट्ट्याचा, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन जिथं असतात त्या ऊर्जापट्ट्याचा, तळ इलेक्ट्रॉनांनी भरला की प्रकाश शोषून वर येणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनला तळाशी जागा उरत नाही. कणगीत खाली धान्य भरलेलं असलं की नवा दाणा वरच बसतो, तसं. त्यामुळे शोषणाची कडा जास्त ऊर्जेकडे सरकते. बँड गॅप स्वतः रुंदावलेला नसतो, आपण मोजतो ती कडा सरकलेली असते. पेपरात ‘बँड गॅप वाढला’ असं लिहिण्याऐवजी ‘प्रकाशीय बँड गॅप’ किंवा ‘शोषणाची कडा’ असं लिहा. रिव्ह्यूअर अशा शब्दांवरूनच ठरवतात की लिहिणाऱ्याला विषय कळलाय की नाही.

हे सरकणं किती, हे इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे वाढतं. झिंक ऑक्साईडमध्ये इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.२८ पट धरतात. तेवढंच धरून हिशेब केला तर घनसेंटिमीटरला १०^२० इलेक्ट्रॉन असताना कडा साधारण ०.२८ इलेक्ट्रॉनव्होल्ट सरकते. होलचं (इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर मागं राहणाऱ्या मोकळ्या जागेचं) वस्तुमानही धरलं तर ०.४ च्या आसपास. घनता दहापट कमी, म्हणजे १०^१९ असेल, तर ०.०६ ते ०.०९. आणखी शंभरपट खाली, १०^१७ वर, हे सरकणं ०.००३-०.००४ इतकं उरतं, म्हणजे टॉक प्लॉटवर दिसणारच नाही. शिवाय दाट इलेक्ट्रॉन एकमेकांशी आणि दात्या (इलेक्ट्रॉन देणाऱ्या) अणूंशी आंतरक्रिया करून खरा बँड गॅप थोडा आकसवतात. तो भाग या आकड्यांतून वजा होतो, म्हणून प्रत्यक्षात लागणारी घनता हिशेबापेक्षा जास्त असते.

तुमच्या ३ टक्क्यांच्या फिल्ममध्ये ०.०९ इलेक्ट्रॉनव्होल्टचं सरकणं आहे. ते सगळं बर्स्टीन-मॉसचं असायचं तर इलेक्ट्रॉनांची घनता निदान १ ते २ गुणिले १०^१९ हवी. मल्टिमीटर इथं कामाला येतो. समजा चौरसाचा रोध (फिल्मच्या चौरस तुकड्याचा, शीट रेझिस्टन्स) ३ किलोओहम आहे. ५०० नॅनोमीटर जाडीला रोधकता ०.१५ ओहम-सेंटिमीटर येते. स्प्रेच्या फिल्ममध्ये मोबिलिटी, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात याचं माप, साधारण १ ते १० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद या पट्ट्यात असते. ती २ धरली तर घनता २ गुणिले १०^१९ निघते. जुळलं. हा पुरावा नाही, पण बर्स्टीन-मॉस या नमुन्यात शक्य आहे आणि आकडा त्याच घरातला आहे, एवढं नक्की सांगता येतं.

आता ५ टक्के. १ मेगाओहम म्हणजे रोधकता ५० ओहम-सेंटिमीटर. मोबिलिटी १ धरली तर घनता १०^१७ च्या थोडी वर. तेवढ्या इलेक्ट्रॉनांनी कडा अजिबात हलत नाही. मग ही फिल्म ३.२७ वर यायला हवी होती, कदाचित त्याच्याही खाली. ती ३.३० वर आहे. म्हणजे तुम्ही आणि रिव्ह्यूअर ‘कडा खाली का आली’ यावर वाद घालत आहात, पण या नमुन्यातला कोड्याचा भाग हा आहे की ती पूर्ण खाली का आली नाही.

याची दोन उत्तरं मला संभवनीय वाटतात. पहिलं असं की फिल्ममधल्या स्फटिककणांच्या आत इलेक्ट्रॉन अजून पुरेसे आहेत, २ ते ४ गुणिले १०^१८ असले तरी ०.०३ चं सरकणं मिळतं, पण कणांच्या सीमांवर उभ्या राहिलेल्या अडथळ्यांमुळे एका कणातून दुसऱ्यात प्रवाह जात नाही. मल्टिमीटर सगळ्या सीमा ओलांडून मोजतो, प्रकाश मात्र कणाच्या आतलं दाखवतो. ५ टक्क्यांवर जास्तीचं अ‍ॅल्युमिनियम जाळीत न बसता सीमांवर ऑक्साईडच्या रूपात साचलं असेल तर असं व्हायला पूर्ण वाव आहे. स्प्रेच्या झिंक ऑक्साईडमध्ये २-३ टक्क्यांच्या पुढे हे वारंवार पाहिलंय. दुसरं उत्तर असं की ०.०३ मध्ये इलेक्ट्रॉनांचा संबंधच नाही, कडेचा आकार बदललाय आणि टॉकची सरळ रेषा वेगळ्या जागी बसली. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथं बरेच पेपर घसरतात.

टॉकनं आपली पद्धत १९६० च्या दशकात अनाकार जर्मेनियमसाठी वापरली. आपण ती स्फटिकमय, थेट बँड गॅपच्या झिंक ऑक्साईडला वर्ग करून लावतो. पण डोपिंग नसलेल्या झिंक ऑक्साईडमध्ये एक्सायटॉनची (एकमेकांना बांधलेल्या इलेक्ट्रॉन-होल जोडीची) बंधन ऊर्जा ६० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे खोलीच्या तापमानालाही एक्सायटॉन टिकतो आणि कडेला त्याचा उंचवटा असतो. टॉकमध्ये त्याची गणतीच नाही. म्हणून पुस्तकात ३.३७ दिसतो आणि आपल्याला ३.२७ मिळतो. डोपिंग वाढलं की मोकळे इलेक्ट्रॉन एक्सायटॉनला झाकून टाकतात, उंचवटा पुसला जातो आणि कडा वेगळ्या आकाराची होते. तेव्हा ० टक्के आणि ३ टक्के यांची तुलना करताना आपण दोन वेगळ्या जातीच्या कडांवर एकच फूटपट्टी लावतो. ०.०१-०.०२ चे फरक याच्यातच वाहून जातात. म्हणून तुमच्या ३.२७ वरून ३.२९ या वाढीवर काहीच उभारू नका. आपल्याकडे जानेवारीत लॅब २० अंशांवर आणि मे महिन्यात कूलर लावूनही ३८-४० वर असते. तापमानाच्या एवढ्या फरकानंही कडा काही मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टनं हलते. पाचही नमुन्यांचे वर्णपट एकाच बैठकीत घ्या.

जाडीचा मुद्दा याहून मोठा आहे. जाडी चुकली तर शोषण गुणांक त्या पटीत चुकतो, पण टॉकची रेषा ऊर्जेच्या अक्षाला जिथं छेदते ती जागा तेवढ्यानं बदलत नाही, कारण सगळा आलेख एकाच पटीत ताणला जातो. त्यामुळे पुष्कळजण जाडीकडे दुर्लक्ष करतात. गोची वेगळी आहे. कडेच्या वर झिंक ऑक्साईडचा शोषण गुणांक सेंटिमीटरला १०^५ च्या घरात असतो. ५०० नॅनोमीटर फिल्ममधून मग ०.७ टक्के प्रकाश बाहेर येतो. १ मायक्रोमीटर फिल्ममधून ०.००५ टक्क्यांहून कमी. एवढा कमी प्रकाश साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला मोजता येत नाही, त्याचा स्वतःचा भटका प्रकाश त्याहून जास्त असतो. मग जाड फिल्मचा आलेख वरच्या ऊर्जेला आडवा पडतो, खरा सरळ भाग कापला जातो आणि आपण खालच्या शेपटीला रेषा लावून मोकळे होतो. बँड गॅप आपोआप कमी येतो. तुमची ५ टक्क्यांची फिल्म बाकींपेक्षा जाड असेल तर निव्वळ एवढ्यानं घट दिसू शकते. पाच फिल्मच्या जाड्या शेजारी-शेजारी लिहून पाहा.

जाडी काढायला प्रोफाइलोमीटर नसला तरी चालतं. वर्णपटात लाटा दिसत असतील तर शेजारच्या दोन शिखरांच्या तरंगलांबींवरून जाडी निघते. शिखरं ६०० आणि ८०० नॅनोमीटरला असतील आणि अपवर्तनांक १.९५ च्या आसपास धरला तर जाडी साधारण ६१५ नॅनोमीटर. स्वानपूल यांची १९८३ ची पद्धत याचंच काटेकोर रूप आहे. वजनाच्या फरकानंही पडताळा येतो. साडेसात बाय अडीच सेंटिमीटरच्या काचेवर ५०० नॅनोमीटर फिल्मचं वजन ५.२ मिलिग्रॅमच्या जवळपास येतं, झिंक ऑक्साईडची घनता घनसेंटिमीटरला ५.६ ग्रॅम धरून. दशांश मिलिग्रॅमचा तराजू हवा, आणि काचेच्या मागच्या बाजूला उडालेला फवारा सौम्य अ‍ॅसिडच्या बोळ्यानं आधी पुसायला हवा. स्प्रेची फिल्म सच्छिद्र असल्यामुळे ही जाडी खऱ्यापेक्षा कमी येते. लाटांवरून आलेल्या जाडीशी ताडून पाहिलं की फिल्म किती भुसभुशीत आहे याचाही अंदाज येतो.

तुम्ही लिहिलेला ‘दुधाळ’ हा शब्द माझ्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. दुधाळ म्हणजे प्रकाश शोषला जात नाहीये, विखुरतोय. साध्या यंत्रात नमुन्यामागचा डिटेक्टर फक्त सरळ आलेला प्रकाश पकडतो, बाजूला विखुरलेला त्याला दिसत नाही. मग गणितात तो सगळा शोषणाच्या खात्यात जमा होतो. विखुरणं तोकड्या तरंगलांबीला जास्त, म्हणजे नेमकं कडेकडे वाढत जाणारं. ते कडेच्या पायथ्याशी खोटी शेपटी तयार करतं. इंटिग्रेटिंग स्फिअर (विखुरलेला प्रकाशही गोळा करणारा पोकळ गोल) असलेल्या यंत्रावर फक्त ३ आणि ५ टक्क्यांचे नमुने पुन्हा मोजून आणा. जळगावला विद्यापीठात चौकशी करा, नाहीतर नाशिक-पुण्याकडे पाठवा. दोनच नमुने आहेत, काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि त्यावर तुमच्या पेपरचा निम्मा युक्तिवाद उभा राहणार आहे.

उर्बाख ऊर्जेचंही तेच. कडेच्या खालच्या भागात शोषण घातांकी पद्धतीनं उतरतं, हे उर्बाख यांनी १९५३ मध्ये मांडलं, आणि त्या उताराची रुंदी म्हणजे जाळीतल्या अव्यवस्थेचं माप मानतात. डोपिंगनं जाळी ताणली जाते, दाते विखुरलेले बसतात, दोष वाढतात आणि ही शेपटी लांबते. तुम्ही ती काढली असेल तर आधी हे तपासा की परावर्तन वजा केलंय का. झिंक ऑक्साईडच्या फिल्ममधून १८ टक्के प्रकाश परत फिरला आणि आपण तो धरलाच नाही, तर ५०० नॅनोमीटर जाडीला सेंटिमीटरला ४००० चा खोटा शोषण गुणांक सगळ्या दृश्य भागात मिळतो. शेपटीचा खरा आकडा त्याखाली गाडला जातो. परावर्तन मोजून वजा केलं, विखुरणंही धरलं आणि तरीही ५ टक्क्यांवर शेपटी लांब राहिली, तर ती अव्यवस्थेची खूण म्हणून हक्कानं मांडा.

इथवरचं थोडक्यात असं. ३ टक्क्यांपर्यंतची वाढ बर्स्टीन-मॉसशी आकड्यानं जुळते. ५ टक्क्यांची घट म्हणजे प्रामुख्यानं तो परिणाम ओसरणं, कारण मोकळे इलेक्ट्रॉन घटले किंवा सीमांवर अडकले. त्यावर जाडी आणि विखुरणं यांचा थर असू शकतो, तो आधी खरवडून काढायचा.

आता ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा. गाईड सरांचा मान राखून सांगतो, हे विधान तुमच्या सध्याच्या मोजमापांवर टिकणार नाही. सैद्धांतिक गणितांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दाखवलंय की झिंक ऑक्साईडमध्ये ऑक्सिजनची रिकामी जागा हा खोल दाता आहे. खोलीच्या तापमानाला तो सहजासहजी इलेक्ट्रॉन सोडत नाही. डोपिंगशिवायही झिंक ऑक्साईड एन-प्रकारचं (मोकळे इलेक्ट्रॉन असलेलं) का निघतं, याच्या उत्तरात २००० साली व्हॅन डी वाले यांनी हायड्रोजनकडे बोट दाखवलं, तेव्हापासून ऑक्सिजनवर सगळं ढकलण्याची जुनी सवय मोडायला हवी होती. मोडली नाही. आपण पाण्यातून, अ‍ॅसिटेटमधून फवारतो, हायड्रोजन तर आपल्या फिल्ममध्ये भरपूर असतो.

आणि पुरावा म्हणून जे दिलं जातं त्यातलं बरंचसं लंगडं असतं. एसईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला) जोडलेल्या ईडीएसमधून (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं मोजणाऱ्या जोडणीतून) झिंक आणि ऑक्सिजनचं गुणोत्तर काढून ‘ऑक्सिजन कमी आहे’ असं लिहू नका. इलेक्ट्रॉनचा झोत ५०० नॅनोमीटर फिल्म पार करून काचेत शिरतो आणि काचेत ऑक्सिजनच ऑक्सिजन आहे. तुमच्या ईडीएसच्या आलेखात सिलिकॉनचं शिखर दिसत असेल तर तो ऑक्सिजनचा आकडा फिल्मचा नाहीच. अ‍ॅल्युमिनियमचा आकडाही सांभाळून वाचा, काही काचांमध्ये ते थोडं असतं. कोऱ्या काचेचं ईडीएस सोबत घ्या. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन बाहेर काढून करायच्या तपासणीत) ५३१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा खांदा दिसला की त्याला रिकामी जागा म्हणून मोकळं होतात. तिथंच ओलाव्यातून आलेला हायड्रॉक्सिलही येतो, आणि श्रावणात उघड्या कपाटात पडलेल्या फिल्मवर तो असणारच. फोटोल्युमिनेसन्समधला (प्रकाश टाकल्यावर फिल्म जो प्रकाश देते त्यातला) ५०० ते ५३० नॅनोमीटरचा हिरवा पट्टाही असाच वादातला आहे. कोणी ऑक्सिजनची रिकामी जागा म्हणतं, कोणी झिंकची, आणि डिंगल यांनी १९६९ मध्ये तो तांब्याच्या अशुद्धीशी जोडून दाखवला होता. डिस्टिल्ड पाणी पितळी नळीच्या यंत्रातून येत असेल तर तांबं फिल्ममध्ये यायला फार वेळ लागत नाही.

मग दोषांबद्दल बोलायचंच नाही का? बोला, पण दोषाचं नाव न घेता त्याचं वर्तन सांगा. हवेत तापवल्यावर काय होतं, निर्वातात किंवा हायड्रोजनमिश्रित वायूत तापवल्यावर काय होतं, हे दोन प्रयोग एकाच फिल्मच्या दोन तुकड्यांवर करा. हवेत रोध वाढला आणि कडा खाली आली, दुसऱ्यात रोध घटला आणि कडा वर गेली, तर कडा इलेक्ट्रॉनांच्या घनतेमागे चालते हे एकाच नमुन्यात दाखवलंत. त्यात अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण बदललं नाही, जाडी बदलली नाही. डोपिंगच्या पाच नमुन्यांच्या मालिकेपेक्षा असा एक नमुना रिव्ह्यूअरला जास्त पटतो. रामन वर्णपटात (जाळीची कंपनं दाखवणाऱ्या) ५८० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा पट्टा ४३७ च्या शिखराच्या तुलनेत वाढतो का, हेही पाहा. तो अव्यवस्था वाढल्याचं सांगतो, कोणती ते सांगत नाही, आणि तुम्हाला तेवढंच हवंय.

पेपरात आणखी दोन गोष्टी आल्या असतील तर काढून टाका. कणांचा आकार शेररच्या सूत्रानं (क्ष-किरण शिखरांच्या रुंदीवरून) २०-३० नॅनोमीटर आला म्हणून कडा ‘क्वांटम परिणामा’नं सरकली, असं अनेकजण लिहितात. झिंक ऑक्साईडमध्ये एक्सायटॉनची त्रिज्या २ नॅनोमीटरच्या थोडी वर आहे. २५ नॅनोमीटरच्या कणाला हा परिणाम जाणवत नाही. रासायनिक स्नानातून काढलेल्या कॅडमियम सल्फाईडचे कण ४-५ नॅनोमीटर असू शकतात आणि तिथं कडा २.४२ च्या वर जाते, ते खरं आहे. ते उदाहरण इकडं आणू नका.

दुसरी गोष्ट, ‘५ टक्क्यांवर पारदर्शकता मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे घटली.’ हिशेब करून पाहा. घनता १०^२० असताना प्लाझ्मा तरंगलांबी, म्हणजे जिच्या पलीकडे मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाश परतवतात ती, ३.४ मायक्रोमीटर येते. ती १ मायक्रोमीटरपर्यंत आणायला १०^२१ लागतात. तुमचं यंत्र ११०० नॅनोमीटरला थांबतं आणि तुमची सर्वात चांगली फिल्म १०^१९ च्या घरात आहे. दृश्य भागात मोकळे इलेक्ट्रॉन दिसणारच नाहीत. ती घट विखुरण्याची आहे. उद्या स्पटरिंगनं (निर्वातात फिल्म बसवण्याच्या पद्धतीनं) १०^२१ जवळची फिल्म काढलीत तर ९००-११०० च्या बाजूला पारगमन झुकताना दिसेल, तेव्हा हे वाक्य पुन्हा वापरा. पातळ फिल्मच्या सौरघटावर पारदर्शक इलेक्ट्रोड म्हणून हीच फिल्म बसवतात, आणि तिथं हा झुकाव थेट मिळणारा प्रवाह खातो. साक्रीच्या माळावर सौर पॅनेलच्या रांगा पाहत वाढलेल्या मुलांना मी हा मुद्दा नेहमी आवर्जून सांगतो, कारण वाहकता आणि पारदर्शकता यांतली ओढाताण इथं पैशांत दिसते.

नवीन नमुने करणार असाल तर फवारणीकडे लक्ष द्या. दोषांची मोजदाद यंत्रावर होते, पण दोष तयार होतात फवारणीच्या टेबलावर. झिंक अ‍ॅसिटेटचं द्रावण ढगाळ झालं तर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब घालून स्वच्छ करा, ढगाळ द्रावण फवारू नका. हॉट प्लेटचा आकडा आणि काचेच्या पृष्ठभागाचं तापमान यात फवारा चालू असताना मोठा फरक पडतो, म्हणून थर्मोकपलचं टोक काचेच्याच तुकड्यावर दाबून मोजा. आपल्याकडे दुपारी व्होल्टेज उतरतं. ४२० अंश म्हणून सुरू केलेली फवारणी मध्येच ३८० वर गेली तर अ‍ॅसिटेट पूर्ण जळत नाही आणि कार्बन अडकलेली, किंचित तपकिरी फिल्म मिळते. तो तपकिरीपणा कडेची शेपटी लांबवतो आणि दोष अ‍ॅल्युमिनियमच्या माथी येतो. स्टॅबिलायझर लावा, नाहीतर सकाळी लवकर फवारा. कॉम्प्रेसरच्या हवेत पावसाळ्यात पाणी आणि एरवीही तेल असतं, तेव्हा फिल्टरचा बाऊल रोज रिकामा करा. पाच प्रमाणांच्या फिल्म शक्यतो एकाच दिवशी, उलटसुलट क्रमानं फवारा. शून्यापासून पाचपर्यंत क्रमानं गेलं तर दिवसभरात तापलेल्या प्लेटचा आणि चोंदत गेलेल्या नोझलचा परिणाम डोपिंगच्या परिणामासारखा दिसतो, आणि नंतर दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

रिव्ह्यूअरला उत्तर लिहिताना बर्स्टीन-मॉसचा वरचा हिशेब एका परिच्छेदात घाला, जाडी आणि रोधकतेचा तक्ता द्या, ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचं वाक्य काढा. त्याऐवजी असं लिहा की ५ टक्क्यांवर मोकळ्या वाहकांची घट, भरपाई करणारे (इलेक्ट्रॉन गिळणारे) दोष किंवा कणसीमांवरचे अडथळे यांमुळे कडा परत खाली आली असावी. हॉलसाठी निदान ३ आणि ५ टक्क्यांचे नमुने बाहेर पाठवा. उत्तराची मुदत जवळ असेल तर तोपर्यंत एक साधा प्रयोग करता येईल.

५ टक्क्यांच्या फिल्मवर सिल्व्हर पेस्टचे दोन ठिपके लावून तारा जोडा. रात्रभर काळ्या कागदात गुंडाळून ठेवा आणि सकाळी अंधारातच रोध नोंदवा. मग दुपारच्या उन्हात ठेवून दर मिनिटाला वाचन घ्या. ऊन फिल्मला तापवतंही, म्हणून दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग पिवळ्या अ‍ॅक्रिलिक पट्टीखाली करा, म्हणजे उष्णता तशीच पोहोचते आणि अतिनील भाग अडतो. उघड्या उन्हात रोध बऱ्याच पटींनी उतरला, पिवळ्या पट्टीखाली फारसा हलला नाही आणि अंधारात परत नेल्यावर तासन्‌तास हळूहळू चढत राहिला, तर सीमांवर चिकटलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन धरून बसलाय या तर्काला चांगलं बळ मिळतं. मग कणांच्या आत इलेक्ट्रॉन शिल्लक आहेत आणि ३.३० चा आकडा त्यांचाच आहे, असं म्हणता येईल. दोन्ही वेळा रोध मेगाओहमवरच राहिला, तर कणांच्या आतही भरपाई झालेली आहे असं धरा, आणि ०.०३ चा फरक कडेच्या आकारात आणि विखुरण्यात शोधा.